काटा सगळ्यांसमोर नको

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात महिला मंडळाने आरोग्य तपासणी ठेवली होती. ब्लडप्रेशर, शुगर आणि वजन. रांगेत एक नवी सून उभी होती. पाचवा महिना, अंगाने चांगलीच भरलेली. वजनाचा काटा चार बायकांवर आला तशी ती हळूच मागे सरकली आणि चपला घालून बाहेर निघाली. कुणाच्या लक्षात आले नाही. माझ्या आले, कारण अशीच मी एकदा निघून गेले होते, आणि त्याची किंमत मी मोजलेली आहे.

मी एका पतसंस्थेत कारकून आहे. बी. कॉम. झाले, आकड्यांवर पोट भरते. वस्तीतल्या बायकांचे रेशनकार्ड, बचतगट, दवाखाना ही कामे वीस वर्षे करते आहे. "तिसऱ्या महिन्यातच नाव घाला ग बाई," हे मी किती जणींना सांगितले असेल त्याची मोजदाद नाही. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र मीच चुकले.

2006 सालची गोष्ट. वय सत्तावीस, पहिलेच दिवस. वजन 74 किलो, उंची पाच फूट. ज्या दवाखान्यात नाव घातले तिथे काटा व्हरांड्यात, रांगेच्या तोंडाशीच होता. आकडा लिहून घेणारी बाई तो मोठ्याने ओरडून सांगायची. माझा आकडा ऐकून रांग हसली. "खात्यापित्या घरची दिसतेय," कुणीतरी बोलले. आत डॉक्टरांनी मान वर न करता "वजन कमी करा" एवढेच सांगितले. कसे, किती, दिवस गेले असताना करायचे की नाही, काही नाही. त्यानंतरच्या दोन तपासण्यांना मी गेलेच नाही. ऑफिसात काम आहे, असे घरी सांगितले.

सातव्या महिन्यात पायाला सूज आली, डोके दुखू लागले. दमणुकीचे असेल म्हणून मी गोळी घेऊन झोपले. दोन दिवसांनी डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा धावपळ झाली. प्रेशर फार वाढले होते. मुलगा झाला, 1 किलो 100 ग्रॅमचा. चार दिवस जगला.

दोष कुणाचा, हा हिशेब मी पुष्कळ वर्षे मांडत बसले. तपासणीला गेले असते तर वाचलाच असता असे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण प्रेशर वेळेवर कळले असते, एवढे नक्की. हसणारी रांग, ओरडणारी बाई आणि गप्प बसलेली मी, तिघांच्याही नावावर ते खाते आहे.

त्यानंतर अकरा वर्षे काही नाही. आशा सोडली होती. 2017 च्या मार्चमध्ये पुन्हा दिवस गेले. वय अडतीस, वजन 82 किलो. आनंद झालाच, पण पाय दवाखान्याकडे वळेना. तो व्हरांडा आठवायचा. एप्रिल गेला, मे अर्धा गेला. शेवटी आमच्या भागातली आशाताई घरी आली. ती पोर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. म्हणाली, "ताई, तुम्हीच मला शिकवलंत, लाज धरली की जीव जातो. आता मी तुम्हाला सांगायचं का?" मी उठले आणि चप्पल घातली.

तिने मला शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. तिथे जोखमीच्या बाळंतपणाची वेगळी ओपीडी होती. जास्त प्रेशर, शुगर, जुळी, आधी मूल गेलेल्या आणि माझ्यासारख्या वजनदार बायका, सगळ्या एका बाकावर. काटा पडद्याआड होता. सिस्टरने आकडा पाहिला, कागदावर लिहिला, बोलली नाही. भगिनींनो, त्या गप्प बसण्यानेच मला रडू आले.

डॉक्टरबाईंनी कागदावर हिशेब करून दाखवला. उंची 1.52 मीटर. तिला तिनेच गुणले की 2.31. वजनाला, म्हणजे 82 ला, त्याने भागले की साडेपस्तीस. हाच बीएमआय. आपल्या देशातल्या लोकांसाठी 23 च्या पुढे वजन जास्त आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. त्या म्हणाल्या, "हा आकडा म्हणजे तुमचा गुन्हा नाही, ती माहिती आहे. प्रेशर, शुगर, रक्ताची गाठ, सिझर आणि नंतर टाक्यांना पू, हे धोके तुम्हाला जास्त आहेत. जास्त आहेत म्हणजे होणारच असं नाही. आधी कळलं तर बहुतेक गोष्टी सांभाळता येतात."

मग प्रेशर मोजले. नेहमीच्या पट्ट्याने 150 वर 100 आले. माझ्या हातापायातले बळच गेले. पण बाईंनी दंडाकडे पाहिले आणि सिस्टरला मोठा पट्टा आणायला सांगितला. त्याने मोजले तर 128 वर 84. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर प्रेशर खोटेच जास्त दाखवते, हे मला त्या दिवशी कळले. इतकी वर्षे आरोग्याची शिबिरे भरवणाऱ्या मला हे माहीत नव्हते. आता मंडळाच्या पैशातून पहिली खरेदी केली ती मोठ्या पट्ट्याचीच.

पहिल्या वेळचा इतिहास पाहून त्यांनी रात्री घ्यायची ॲस्पिरिनची लहान गोळी सुरू केली. प्रेशरचा आजार टाळायला ती सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झालेली चांगली, म्हणाल्या. मी चौदाव्या आठवड्यात पोचले होते. आणखी पंधरा दिवस लाज धरून बसले असते तर ती वेळ निघून गेली असती. ही गोळी कुणी आपल्या मनाने मात्र घ्यायची नाही.

शुगरची तपासणी साधी. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे, दोन तासांनी रक्त द्यायचे. 140 किंवा वर आले तर गरोदरपणातला मधुमेह. पहिल्या वेळी 132 आले. पंचविसाव्या आठवड्यात पुन्हा केली तेव्हा 168. पहिली चांगली आली म्हणून दुसरी टाळायची नसते, ती यासाठीच.

आता घरात लढाई सुरू झाली. सासूबाई म्हणायच्या, "दोन जिवांची आहेस, दोन जिवांचं खा." त्यांची माया खरी होती. आहार सांगणाऱ्या ताई म्हणाल्या, उपाशी राहून वजन उतरवण्याची ही वेळ नाही, पण दोघांचे खायचीही नाही. सबंध नऊ महिन्यांत पाच ते नऊ किलो वाढले तरी पुरे. चहातली साखर बंद, भाताची मूद एक, ज्वारीची भाकरी, घट्ट डाळ, मेथी-चाकवत, अंडे, आठवड्यातून दोनदा मासळी किंवा मटण, पण रस्सा वरून तेल काढून. जेवणानंतर वीस मिनिटे चालणे. महागाचे काहीच नाही. माझे पती कारखान्यातून आले की आम्ही दोघे कॅनॉलच्या कडेने चालायला जायचो. लग्नानंतर एवढे बोललो नव्हतो.

तरी शुगर आटोक्यात येईना. अठ्ठाविसाव्या आठवड्यात इन्सुलिन सुरू झाले. सुई मीच टोचून घेऊ लागले. शेजारणी म्हणाल्या, एकदा लागले की जन्मभर लागते. तसे झाले नाही. बाळंत झाल्यावर ते बंद झाले.

सोनोग्राफीलाही दोनदा जावे लागले. पोटावरच्या चरबीतून लहरी नीट पोचत नाहीत, बाळाचे हृदय स्पष्ट दिसत नाही, दोन आठवड्यांनी या, असे तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितले. मी घाबरले. पण दिसत नाही म्हणजे दोष आहे असे नव्हे, हे त्यांनी समजावले. आठव्या महिन्यात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पाठ, मान, तोंड उघडते किती, सगळे आधीच पाहून ठेवले. ऐनवेळी धांदल नको म्हणून.

अडतिसावा आठवडा भरल्यावर दाखल झाले. कळा आणण्याचा प्रयत्न झाला, पण पुढे सरकेना, शेवटी सिझर झाले. ऑपरेशनचा गाऊन मला पुरेना. मी संकोचले. वॉर्डातल्या मावशी काही न बोलता दुसरा गाऊन घेऊन आल्या, एक पुढून, एक मागून बांधला. म्हणाल्या, "झालं बघ बाई, राणीसारखी दिसतीस." मुलगी झाली, 2 किलो 900 ग्रॅम. टाचेला बारीक सुई टोचून तिची शुगर पाहिली, ती बरोबर निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मला उठवून चालवले. पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पोटावर इंजेक्शनेही दिली. टाक्यांचा एक कोपरा उसवला आणि ड्रेसिंगला बारा दिवस गेले. दूध चौथ्या दिवशी उतरले. तोवर बघायला येणाऱ्या बायका बोलायच्या, "एवढी मोठी बाई, आन् दूध नाही?" सिस्टरने सांगितले, अशा बाळंतपणात दूध कधी उशिरा येते, बाळाला लावत राहा. लावत राहिले, आले.

या सगळ्यात एक गोष्ट मनाला लागून राहिली. माझी आई 1972 च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडीवर जगलेली. पुण्याला आली ती हाडांचा सापळा होऊन. मी जन्मले तेव्हा जेमतेम दोन किलोची होते. मी अंगाने भरले तसे ती ज्याला त्याला सांगायची, "माझ्या लेकीनं उपास बघितला नाही." माझा लठ्ठपणा म्हणजे तिच्या उपासमारीवरचा विजय होता. तिला मी कसे सांगणार की यातही धोका आहे?

याचा अभ्यास आपल्या पुण्यातच झाला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळे हडकुळी, पण त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. कमी होते ते मांस. बारीक दिसणारे पण आतून चरबीचे हे बाळ पुढे खाऊ-पिऊ लागले की मधुमेहाकडे लवकर झुकते. डॉ. याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. युडकिन यांनी 2004 मध्ये स्वतःचेच उदाहरण छापले. दोघांचा बीएमआय 22.3, पण याज्ञिकांच्या अंगात चरबी 21.2 टक्के आणि युडकिनांच्या 9.1 टक्के. म्हणजे आजीची उपासमार नातीच्या रक्तापर्यंत पोचू शकते. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोटाला चिमटा घेतला, त्यांच्या लेकीबाळींना "खादाड" म्हणून हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

रजेचीही गोष्ट सांगते. संस्थेत आधी तोंडे वाकडी झाली. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 1 एप्रिल 2017 पासून दुरुस्ती होऊन भरपगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली होती. कायद्याची प्रत मी टेबलावर ठेवली, रजा मिळाली. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी गिरणीत काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाची विश्रांती आणि पगार मिळावा म्हणून विधेयकाला पाठिंबा दिला होता. बाईची विश्रांती ही तिच्या घरापुरती गोष्ट नाही, देशाच्या हिताची आहे, हे त्यांचे म्हणणे होते. पोरीला मांडीवर घेऊन घरी बसले तेव्हा त्याचा अर्थ मला खरा कळला.

बायांनो, चार गोष्टी लक्षात ठेवा. वजन जास्त असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच नाव घाला, दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटलात तर आणखी चांगले. मोठा पट्टा मागून घ्या. डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, बरगडीखाली दुखणे, बाळ कमी फिरणे, एका पोटरीला सूज आणि ठणका, धाप लागणे, यांतले काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझरसुद्धा, औषधे आणि रक्त मोफत मिळण्याची योजना 2011 पासून आहे. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी ठेवली जाते. ज्यांना शुगर झाली त्यांनी बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासावे आणि मग दरवर्षी. माझी अजून काठावर आहे. मी अजून चालते.

त्या दिवशी मी त्या सुनेच्या मागे धावले. विहाराच्या पायरीवर बसून तिला हे सगळे सांगितले, त्या चार दिवसांच्या मुलासकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, आकडा कोणी ऐकणार नाही ना?"

आम्ही काटा उचलून आतल्या खोलीत नेला आणि दार लोटले. ती काट्यावर चढली. आकडा मी लिहून घेतला, कागदाची घडी घालून तिच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर नाव घालायला गेले. आता आमच्या शिबिरात काटा आतल्या खोलीतच असतो.