आमची यंत्रोपासना

यंत्र म्हटले की देवळाच्या सावलीत वाढलेल्या वाचकांना प्रथम श्रीयंत्रच आठवेल. ताम्रपटावर कोरलेले, त्रिकोणांत त्रिकोण गुंफलेले, देवीच्या पुढ्यात कुंकवाने माखलेले. आमच्या उपासनेचे यंत्र त्याहून पुष्कळ खालच्या पायरीवरचे आहे. ते बाजारात मिळते, त्याला वीज लागते, त्याची हमी एक वर्षाची असते आणि हमी संपल्यावरच्या पहिल्या आठवड्यात ते बहुधा बिघडते. तथापि केवळ निष्ठेचा विचार केल्यास आम्ही कोणत्याही उपासकापेक्षा उणे ठरू नये. रेडिओ, ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, संगणक आणि मोबाइल अशी एकामागून एक दैवते आमच्या घरी आली, त्यांनी आमच्या हातची सेवा घेतली आणि यथाकाल माळ्यावर त्यांचे विसर्जन झाले. त्या माळ्याला आमच्या सौभाग्यवती 'अडगळ' म्हणतात. आम्ही त्याला संग्रह म्हणतो.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारींशेजारी लहानाचे मोठे होऊनही आम्हांला तंबाखूचे व्यसन लागले नाही, याचे आमच्या वडिलांना मोठे समाधान होते. त्याच्या जागी जे व्यसन लागले ते अधिक खर्चाचे आहे, हे त्यांच्या ध्यानात पुढे आले. काही वर्षे बंगळूरला नोकरी करून आम्ही बेळगावास आलो आणि येथेच स्थिरावलो. आमच्या घरात बोलणे कोंकणीत, लिहिणे-वाचणे मराठीत आणि कचेरीचे कामकाज कन्नडात, अशी वाटणी पूर्वापार चालत आली आहे. या भागातील पुष्कळ सारस्वत घरांची हीच रीत आहे. एकाच माणसाने दिवसातून तीन भाषांच्या उंबरठ्यांवरून ये-जा करावी, यात काही अवघड आहे असे आम्हांला कधी वाटले नाही. ते अवघड आहे, हे प्रथम आम्हांला सांगितले ते यंत्रांनी.

यंत्रांचे वेड हे या मातीला परके नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, तेव्हा सायकल ही साऱ्या गावाने उभे राहून पाहावी अशी नवलाई होती. त्या उद्योगातूनच कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बाहेर पडले. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते अशी समजूत असल्याने तो नांगर आरंभी कोणी घेईना. पुढे बेळगावातली जागा सोडणे त्यांना भाग पडले आणि १९१० साली औंधच्या अधिपतींच्या आश्रयाने ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणराव यंत्रे घडवीत, आम्ही ती विकत घेऊन उघडून पाहतो, एवढाच काय तो उभयतांमधला फरक. हा फरक थोडा नाही, असे सौभाग्यवतींचे मत आहे.

आमचे पहिले दैवत म्हणजे वडिलांचा दिव्यांचा रेडिओ. कळ फिरवल्यावर तो लगेच बोलत नसे. आतल्या काचेच्या दिव्या तापाव्या लागत, मग तबकडीच्या कोपऱ्यात एक हिरवा डोळा उजळे, आणि स्थानक नेमके लागले की त्या डोळ्याची पापणी मिटत येई. त्या काळी रेडिओ बाळगण्यास परवाना लागे आणि त्याचे शुल्क टपालकचेरीत भरावे लागे. परवान्यावर वडिलांचे नाव होते, गाव होते. भाषा मात्र कोणी विचारलेली नव्हती. दिवसा काटा थोडा इकडे सरकवला की धारवाड, थोडा तिकडे सरकवला की सांगली. धारवाड केंद्र १९५० साली सुरू झाले, सांगली १९६३ साली. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या थरांत फरक पडतो आणि मध्यम लहरी दूरवर पोहोचू लागतात, म्हणून रात्री मुंबईही स्पष्ट येई. गोवा मुक्त झाल्यावर पणजी आकाशवाणीची झाली, आणि तिच्यावरून कोंकणी बोल कानी आले की स्वयंपाकघरातले काम क्षणभर थांबे. बुधवारी रात्री आठ वाजता लघुलहरींवर सिलोन लागे. १९५२ पासून चालत आलेल्या अमीन सायानींच्या गीतमालेसाठी शेजारची मंडळी ओटीवर जमत.

त्रास त्यालाही होताच. काटा ओढणारी दोरी तुटे, पावसाळ्यात घरघर वाढे, शेजारची पिठाची चक्की सुरू झाली की गाणे बुडून जाई. पण हे रोग डोळ्यांना दिसत. बाजारातला कारागीर मागची फळी काढी, डाख देताना राळेचा धूर उठे, आणि आपल्या यंत्राला काय झाले होते हे आम्हांला समजूनच आम्ही घरी परतत असू. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या आणि त्या रेषेवरून आमच्या भागात आजवर जे घडत आले ते सर्वांस ठाऊक आहे. त्या सगळ्या वर्षांत आमच्या घरातला रेडिओ धारवाड, सांगली आणि पणजी यांच्यामध्ये केवळ अर्ध्या बोटाचे अंतर ठेवून उभा होता.

त्यानंतरचे दैवत टेपरेकॉर्डर. त्याची कॅसेट १९६३ साली युरोपात निघाली. आमच्या हाती ती यायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. १९७९ साली आम्ही बंगळूरला गेलो, तेव्हा घरून येणारी पत्रे मराठीत असत. आई ती स्वतः लिही. 'अनेक आशीर्वाद विशेष' असा आरंभ, क्षेमसमाचार, पाऊसपाणी, देवळातल्या उत्सवाची तिथी. अक्षर वळणदार, भाषा शुद्ध. परंतु आमच्या आईने आमच्याशी जन्मात कधी मराठीत संभाषण केलेले नव्हते. त्या पत्रांतली बाई आम्हांला नेहमी थोडी सोवळ्यातली वाटे. मग वडिलांनी एक कॅसेट भरून धाडली. पहिली काही मिनिटे आई यंत्राला बिचकून पत्राच्याच भाषेत बोलत होती. मध्येच कोणी दार वाजवले, ती उठून जाऊन आली, यंत्र चालूच राहिले आहे हे विसरली आणि कोंकणीत बोलू लागली. पातोळ्यांना हळदीची पाने यंदा मिळाली नाहीत, गाय आटली, अमकीचे लग्न ठरले. शेवटी तिने विचारले, "जेवलो रे?" तिच्या तोंडच्या कोंकणीने आम्हांला घरापासून दूर गाठले ते त्या दिवशी पहिल्यांदा. तिला कागदावरची वाट कधी नव्हतीच.

मोबाइलने मात्र आमच्या भक्तीची परीक्षा पाहिली. भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाले. आमच्याकडे तो सर्वसामान्यांच्या खिशात येईतो पुढचे शतक उजाडले. २००३ साली निघालेला, माथ्यावर विजेरी असलेला तो चिवट नोकिया पुष्कळांना आठवत असेल. बत्ती गेलेल्या रात्री त्याने घरोघर समईचे काम केले. पण रेडिओने जी सीमा कधी ओळखली नाही, ती या यंत्राला मुखोद्गत होती. दूरसंचाराच्या हिशेबाने देशाची परिमंडळे पाडलेली. निपाणी कर्नाटकाच्या परिमंडळात, कागल महाराष्ट्राच्या. कोगनोळीपुढे दूधगंगा ओलांडली की खिशात यंत्र थरथरे आणि आपण परमुलखात आलो आहोत असे सांगे, आणि तेथून पुढे कोणी आपल्याला हाक मारली तरी पैसे आपलेच जात. मनोऱ्याच्या लहरींना नदी कोठली दिसायला! त्या पस्तीस किलोमीटरपर्यंतही पोहोचू शकतात. म्हणून सीमेलगतच्या गावांत माणूस स्वतःच्या ओसरीवर बसलेला असे आणि त्याचे यंत्र मात्र परराज्यात प्रवासास गेलेले असे. याहून मौज पुढेच आहे. दूरसंचाराने गोव्याला महाराष्ट्राच्या परिमंडळात घातलेले. तेव्हा मंगेशीच्या किंवा शांतादुर्गेच्या दर्शनास निघालेला बेळगावकर चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात कुलदेवतेच्या पायाशी पोहोचला, तरी टेलिफोनच्या दप्तरी तो महाराष्ट्रातच असे. जो वाद इतकी वर्षे न्यायालयात आहे, तो या यंत्राने असा परस्पर गोंधळून टाकलेला पाहून आम्हांला हसू येई. २०१६-१७ च्या सुमारास हे रोमिंगचे शुल्क बहुतांशी गेले. थरथर तेवढी राहिली.

दुसरी परीक्षा अक्षरांची. इंग्रजी लिपीत संदेश पाठवल्यास एका संदेशात १६० अक्षरे मावत, देवनागरीत पाठवल्यास अवघी ७०. आणि यंत्र प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडणे हे सारे सुटे सुटे मोजी. 'श्रीशांतादुर्गा' एवढे नाव घेताच पंधरा चिन्हे खर्ची पडत. देवीचे नाव, तिथी, वेळ आणि 'आपला नम्र' एवढे लिहीपर्यंत संदेश दुप्पट दराचा होई. मग मंडळी रोमन लिपीत मराठी लिहू लागली, आणि तीत 'काका' आणि 'काक' यांत भेद उरेना.

परंतु सर्वांत अधिक छळले ते एका लहानशा चिन्हाने. मराठीत र हा पुढच्या य-ह यांना दोन प्रकारे जोडतो. दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. एकात रफार, दुसऱ्यात ती डोळ्याच्या पापणीसारखी रेघ. हिंदीला या पापणीची गरज नाही, आणि हिंदीसाठी घडवलेल्या कळफलकांवर ती बराच काळ सहजासहजी सापडत नसे. आमच्या परिचयाच्या एका देवस्थानात उत्सवाच्या आदल्या रात्री संदेश फिरला, 'आचार्यांकडून पातेली मोजून घ्यावीत.' लिहिणाऱ्याला अभिप्रेत होते आचारी. यंत्राने पापणी पाडली, आणि प्रवचनासाठी पाचारण केलेल्या विद्वान शास्त्रीबोवांच्या मुक्कामी एक स्वयंसेवक वही घेऊन उभा राहिला. बोवा रसिक होते, म्हणून उत्सव निभावला.

या पापणीचा शोध घेता घेता आम्हांला जे सापडले, त्याने आमचा सगळा राग विरघळून गेला. जगातल्या सर्व लिप्यांना क्रमांक देणारी जी युनिकोड नावाची व्यवस्था आहे, तिच्यात देवनागरीच्या पंक्तीत खाली टिंब दिलेला एक ऱ बसवलेला आहे. तो मुळात मराठीसाठी नव्हे. दक्षिणेकडील द्राविडी भाषांतला कठोर र देवनागरीत उतरवता यावा, म्हणून त्याची योजना झाली. जुन्या कन्नडातही असा एक र होता आणि पुढे तो लोपला. मराठीची पापणी यंत्रात उमटते ती याच अक्षराचा पाय मोडून. म्हणजे आम्ही बेळगावात बसून अस्सल मराठी 'आचाऱ्यांना' लिहितो, तेव्हा यंत्राच्या पोटात एक दाक्षिणात्य अक्षर आमच्या मदतीला धावून येते. बाहेरच्या पाट्यांवरून एवढी वर्षे माणसे भांडली, आणि आत ही दोन भावंडे एका पंगतीला जेवत आहेत! हे समजल्यावर आम्ही तो शब्द काही कारण नसताना दहा वेळा लिहून पाहिला. यंत्राच्या नादिष्टाचा आनंद तो हाच. दुसऱ्या कोणाला सांगू जावे तर तो आपल्याकडे काळजीने पाहतो.

गेल्या पावसाळ्यात माळ्यावरच्या संग्रहातून ती १९७९ ची कॅसेट निघाली. बेळगावच्या चार महिन्यांच्या दमटपणाने फितीवर पांढरी बुरशी चढली होती. वाजवू गेले तर फीत तुटायची. आम्ही बारीक पेचकस घेऊन कवचाचे पाच स्क्रू काढले, चार मिलिमीटरांहूनही अरुंद अशी ती फीत मऊ कापडातून हाताने हळूहळू ओढून पुसली, दुसऱ्या चांगल्या कवचात बसवली, फीत दाबून धरणारा बनातीचा तुकडा बदलला. या कामी चार रात्री गेल्या. नव्या यंत्रांना डिंकाने असे चिकटवून टाकलेले असते की त्यांत असा हात घालता येत नाही, याचे दुःख आम्हांला त्या चार रात्री पुन्हा झाले. मग संगणकाला जोडून ती वाजवली. खरखर होती, पण आई बोलली.

नातवाने सुचवले की हे सारे लिहूनही काढता येईल, कारण मोबाइल आता ऐकून लिहितो. यंत्राने नेहमीप्रमाणे प्रथम भाषा विचारली. गूगलने २०२२ साली आपल्या भाषांतराच्या यादीत कोंकणी आणली, हे आम्हांला ठाऊक होते. पण ऐकून लिहिण्याच्या आमच्या यंत्रावरील यादीत ती दिसेना. आम्ही मराठी निवडली. पातोळ्यांच्या जागी काय काय उमटले ते सांगण्यासारखे नाही. गाय बरोबर आली. शेवटची ओळ आली ती अशी: 'जेवलो रे.'

अक्षर न् अक्षर बरोबर होते. चूक काढायला जागा नव्हती. कोंकणीत तो प्रश्न आहे, मराठीत ते उत्तर होते. आईने विचारले होते, आणि यंत्राने आमच्या वतीने सांगूनही टाकले होते. नातू पुढे प्रश्नचिन्ह घालू लागला. आम्ही त्याचा हात धरला. त्या ओळीपुरते तरी यंत्र म्हणते तसेच राहू दे, असे त्याला सांगितले, आणि सौभाग्यवतींनी पाने मांडली म्हणून हाक मारली तेव्हा उठलो.