धुरजड

खामगावच्या कापूसबाजारात वाढलेल्या मी वैमानिक व्हायचे ठरवले, तेव्हा आईने शेगावला गजानन महाराजांना नवस बोलला आणि वडिलांनी चार एकरांचे शेत विकले. त्यामुळे माझी प्रत्येक लँडिंग त्या चार एकरांवर होत असे!

विमान होते सेसना १५२. एकट्याने उडण्याची परवानगी दोन दिवसांवर आली होती. शेजारी प्रशिक्षक बसले होते. फ्लॅप्स खाली असताना ५५ ते ६५ नॉटने उतरावे, असे पुस्तक सांगते. मी घाईत ७५ ने आलो आणि तिन्ही चाके एकदम टेकवली. क्षणात पायांखालची पेडल्स थडथडू लागली, घड्याळांचे काटे दिसेनात, दात वाजू लागले. घाबरून ब्रेक दाबले, तर थरथर दुप्पट! प्रशिक्षकांनी माझे पाय ब्रेकवरून काढवले, कंट्रोल पोटाशी ओढला. पुढच्या चाकावरचा भार हलका झाला आणि थरथर विरली.

याला म्हणतात शिमी. पुढचे चाक एकदा डावीउजवीकडे झुलू लागले, की धावण्याच्याच जोरावर ते झुलणे वाढत जाते. ते आवरायला तेलाची एक नळी असते, तिचे नाव डॅम्पर. मेकॅनिकने पाहिले, तर तेल गळून नळीत हवा शिरलेली, चाकाचे सांधे सैल, टायरमध्ये ३० पौंडांपेक्षा कमी हवा.

"नुसता डॅम्पर बदलून भागायचे नाही," तो म्हणाला. "सांधे सैल राहिले, तर नवाही असाच जाईल."

दोष यंत्राचा निघाला, म्हणून मी मनात खूश झालो. प्रशिक्षक शांतपणे म्हणाले, "दोष झोपलेला होता. त्याला जागे कुणी केले?"

दिवाळीला घरी गेलो, तेव्हा ही हकीकत वडिलांना सांगितली. त्यांनी विमान कधी जवळून पाहिले नव्हते. जरा विचार करून म्हणाले, "म्हंजे तुही गाडी धुरजड झाली! पुढच्या खांद्यावर एवढा भार कायले टाकतं बाप्पा?"

पुढे उड्डाणापूर्वी मी टायर दाबून पाही, डॅम्परखाली तेलाचा ओघळ शोधी, पुढचे चाक हाताने हलवून सांधे तपाशी. उतरताना वेग आवरून आधी मागची चाके टेकवी, कंट्रोल मागे धरून ठेवी आणि पुढचे चाक आपल्या वेळेने खाली येऊ देई.

आमच्या ढवळ्याच्या खांद्यावर जुवाचा एक जुना वण होता. लहानपणी मी रोज त्यावरून हात फिरवी. त्याचा अर्थ कळायला मात्र मला विमानात बसावे लागले.