कापण्याचा ऋतू

मेपलला जपानीत 'काएदे' म्हणतात. 'काएरुदे' म्हणजे बेडकाचा हात, यावरून हा शब्द आला. पान तळहातावर ठेवून पाहिले की व्युत्पत्ती पटते. बोन्सायसाठी लोकप्रिय असलेल्या जातीचे नाव 'इरोहा-मोमिजी'. पानाची सात टोके इ-रो-हा-नी-हो-हे-तो अशी मोजली जात, म्हणून हे नाव. 'इरोहा' ही प्रत्येक अक्षर एकदाच योजून रचलेली जुनी कविता. मुले तिच्यावरूनच अक्षरे शिकत. भाषेच्या अध्यापिकेला अशा झाडाचा मोह पडला नसता तरच नवल!

पतीच्या नोकरीनिमित्ताने, बिनपगारी रजा घेऊन, मी तीन वर्षे जपानमधील साइतामा शहरात राहिले. ओमियाचे बोन्सायगाव घरापासून फार दूर नव्हते. १९२३च्या भूकंपानंतर टोकियोतील बोन्साय-व्यावसायिक मोकळी जागा शोधत इकडे आले आणि १९२५मध्ये हे गाव वसले. तिथून मी पेन्सिलीएवढ्या खोडाचे एक रोप आणले आणि त्यासोबत एक सुरेख उथळ कुंडीही.

कुंडी वापरायची वेळ आलीच नाही. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहत; त्यांची हयात या झाडांमध्ये गेली होती. त्यांनी रोप सरळ अंगणातल्या जमिनीत लावायला लावले. बोन्साय म्हणजे झाडाची उपासमार, ही आपल्याकडची समजूत माझ्याही मनात होती. प्रत्यक्षात पहिली काही वर्षे झाडाला मनसोक्त वाढू द्यायचे असते. खालची एखादी फांदी मुद्दाम लांब सोडायची. ती जितकी वाढेल तितके तिच्याखालचे खोड भरते. काम झाले की ती काढून टाकायची. हिवाळा सरताना, कळ्या फुगू लागल्या की रोप उपटून खाली जाणारी मुळे छाटायची आणि चहूबाजूंना आडवी पसरणारी राखायची. याला 'नेबारी' म्हणतात. झाडाचे वय प्रथम तिथेच दिसते. वसंतात पानांची पहिली जोडी उलगडताच मधला कोंब खुडण्याची नजाकत फक्त तयार झाडासाठी. कोवळ्या रोपावर ती केली, तर खोड काडीचे काडीच राहते.

हे सारे ऐकले होते, वहीत टिपूनही ठेवले होते. पण तिसऱ्या वर्षी परतीची तारीख ठरली आणि मला 'झाड' पाहण्याची घाई झाली. मार्चमधल्या एका दुपारी, आजोबा गावाला गेलेले असताना, मी खोड निम्म्यावर कापले. रस चढण्याचे ते दिवस. कापावर लेप लावला, तरी रात्रभर थेंब ठिबकत राहिले. पुढल्या आठवड्यांत कापाखालचा वीतभर भाग काळा पडला. मोठा काप उन्हाळ्याच्या आरंभी, पाने जून झाल्यावर घ्यावा, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. आजोबा परतले, खाली वाकून पाहत म्हणाले, "मरणार नाही. पण तुम्हाला एवढी घाई कसली होती?"

त्या प्रश्नासरशी मला प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी आठवली. तिने भीतभीत आपली पहिली कथा वाचायला दिली होती. ओळीओळीवर लाल शाई उमटवून मी ती परत केली: विशेषणे काटली, शेवट बदलायला सांगितला. तिने नम्रपणे कागद घेतले आणि पुन्हा काही आणले नाही. चिकाटी नाही, असा शेरा मी मनातल्या मनात मारून टाकला होता. माझ्या दुरुस्त्या चुकीच्या नव्हत्या. पण ती कथा अजून जमिनीत वाढायची होती आणि मी तिला उथळ कुंडीत बसवू पाहत होते.

झाड तिथेच, आजोबांच्या हवाली करून आले. अलीकडे त्यांनी छायाचित्र पाठवले. काळ्या भागाच्या खालून दोन कोंब फुटले आहेत. त्यांतला एक त्यांनी नवा शेंडा म्हणून राखला आहे. घाव बुजायला अजून पुष्कळ वर्षे लागतील, असे ते लिहितात. नेबारी मात्र चांगली झाली आहे.

उथळ कुंडी माझ्या टेबलावर रिकामी आहे. त्या विद्यार्थिनीचा पत्ता महाविद्यालयाच्या जुन्या नोंदवहीत असणार. तो मी अजून शोधलेला नाही.