मार्चचा पगार

मार्चचा पगार कधी पुरा हाती येत नसे. वर्षभर थोडा थोडा कापायचा कर कचेऱ्या मागे टाकत जात आणि शेवटी तो एकदम वसूल करत. पेडणे, डिचोलीहून रोज बसने पणजीला येणारा नोकरदार ऐन शिगम्यात अर्धे पाकीट घेऊन घरी परते. कायद्यात हे असे नव्हते. आयकर कायदा, १९६१ च्या कलम १९२ नुसार मालकाने वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज घ्यायचा आणि दरमहा सरासरीने कर कापायचा. मुक्तीनंतर १ एप्रिल १९६३ पासून हा कायदा गोव्याला लागू झाला. पण कायद्यातला अंदाज आणि कचेरीतला आळस यांच्यामध्ये आमचे भाई बसलेले असत.

भाई म्हणजे हिशेब विभागाचे सर्वेसर्वा. फेब्रुवारी लागला की त्यांच्या टेबलाकडे माणसे येऊन अदबीने उभी राहत. "भाई, यंदा किती?" या प्रश्नाला ते कधी सरळ उत्तर देत नसत. आधी विम्याच्या पावत्या मागत, मग भविष्यनिर्वाह निधी बघत, मग चष्म्यावरून नजर टाकत, "एनएससी घे आणि अजून चार दिवसांनी ये." पणजीच्या मोठ्या टपाल कचेरीत त्या दिवसांत ज्या रांगा लागत, त्यांतली निम्मी माणसे अशा कुठल्या ना कुठल्या भाईंनी धाडलेली असावीत. एनएससी, म्हणजे आठव्या मालिकेची राष्ट्रीय बचत पत्रे, सहा वर्षांत दुपटीहून किंचित जास्त देत. आज त्या व्याजदराचे स्वप्नही पडत नाही.

भाईंना आमचे सगळे ठाऊक असे. कोणाचे घर गहाण आहे, कोणाच्या बायकोला नोकरी लागली, कोण भाड्याच्या घरात राहतो आणि कोण राहत असल्याचे दाखवतो. डिचोलीला स्वतःच्या घरात राहून मेहुण्याच्या सहीच्या भाडेपावत्या आणणारे होतेच, आणि रेव्हेन्यू स्टॅम्प इतक्या आस्थेने चिकटवलेला असे की भाईंना हसू आवरत नसे. ही ओळख उबदार होती असे आता वाटते. तेव्हा मात्र आपल्या घरातली भांडी कोणीतरी मोजतो आहे असेही वाटायचे.

त्यांच्या तोंडून ऐकलेला एक किस्सा १९७४ चा. महागाई आवरण्यासाठी केंद्राने सक्तीच्या ठेवीचा कायदा केला. वाढीव पगार सगळा आणि वाढीव महागाई भत्त्यातला अर्धा भाग मालकाने कापून ठेवीत टाकायचा. हा कर नव्हे, पैसे हप्त्याहप्त्याने व्याजासह परत मिळणार होते. पण घरी जाऊन बायकोला हे पटवायचे कसे, असे विचारायला माणसे भाईंकडेच यायची.

भाईंची खरी कसोटी लागे ती पगाराबाहेरच्या सवलतींत. डिचोलीच्या खाणींवर कामगारांना नेणारी कंपनीची बस करमुक्त, साहेबाला दिलेले घर मात्र करपात्र. पुढे वर्षाला ५०,००० रुपयांहून जास्त पगार असलेल्यालाच काही सवलती करपात्र, अशी रेषा आली. ती आली तेव्हा तिने साहेब आणि कामगार वेगळे केले. मग पगार वाढत गेले, रेषा तिथेच राहिली, आणि हॉटेलात खोल्या झाडणारी बाईसुद्धा त्या हिशेबाने साहेब झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ही मर्यादा एकदाची ४ लाखांवर नेली. कचेरीत मिळणाऱ्या जेवणाचेही तसेच: बरीच वर्षे एका जेवणामागे ५० रुपयांपर्यंत सूट. पन्नास रुपयांत पणजीत आज तिसऱ्यांचे सुके सोडाच, नुसती सोलकढीसुद्धा मिळाली तर नशीब. मधे २००५ साली सवलतींवरचा फ्रिंज बेनिफिट कर थेट मालकाच्याच डोक्यावर बसला. २००९ मध्ये तो गेला, आणि त्याच्यासाठी रडणारा माणूस मला भेटलेला नाही.

आता भाईंची खुर्ची कोणाला लागत नाही. मोपाला नोकरीला असलेल्या माझ्या भाच्याच्या पगाराचा हिशेब बंगळूरची कुठलीशी कंपनी करते. वर्षारंभी पोर्टलवर कराची जुनी पद्धत की नवी ते निवडायचे. गप्प राहिलात तर नवी. वर्षाला लाखावर भाडे दाखवायचे तर घरमालकाचा पॅन द्या. मेहुण्याचा स्टॅम्प तिथे चालत नाही. फॉर्म सोळाचा पहिला भाग खात्याच्या संकेतस्थळावरूनच उतरतो, आणि बँकेचे व्याज, शेअर, सगळे आधीच खात्याच्या विवरणात येऊन बसलेले असते. भाईंपेक्षा जास्त ठाऊक असलेले हे यंत्र "चार दिवसांनी ये" असे मात्र म्हणत नाही.

नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही, पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट धरली तर पावणेतेरा लाखांपर्यंत. त्यामुळे भाच्याचा मार्च आणि एप्रिल सारखेच. विमा नाही, पीपीएफ नाही, टपाल कचेरी आत कशी दिसते हेही त्याला ठाऊक नसावे. त्याला त्याच्या पैशाचे काय करायचे ते ठरवू द्यावे, हे मला मान्य आहे. पण माझ्या घराची कौले बदलली ती मार्चच्या धास्तीने घेतलेल्या एनएससीतून, स्वतःच्या शहाणपणातून नव्हे.

भाच्याचे गेल्या वर्षी लग्न झाले आणि गोव्याचा खास घोळ त्याच्या वाट्याला आला. इथे पोर्तुगीज दिवाणी कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणून आयकरातही भाडे, व्याज यांचे उत्पन्न दोघांत निम्मे निम्मे. हे कलम ५-अ घातले १९९४ मध्ये, पण लागू धरले थेट १९६३ पासून. पगार तेवढा ज्याचा त्याचा. भाईंना हे तोंडपाठ होते. भाच्याच्या हरमलच्या दोन खोल्या पर्यटकांना जातात, तेव्हा भाडे बायकोसह वाटून घ्यायचे आणि सोपा 'सहज' फॉर्म विसरायचा. त्याने बंगळूरला फोन लावला. पलीकडच्या मुलीने पोर्तुगीज हा शब्द ऐकून विचारले, "सर, मग तुम्ही एनआरआय आहात का?"

आता तो जुलैत म्हापशाला एका सीएकडे जातो. कर शून्य येतो, फी मात्र दोघांची भरावी लागते.