वाटीतली चीर

सातवीच्या मुलांना म्हटलं, घरून वाजणारी एकेक वस्तू आणा. चिनीमातीच्या वाट्या, काचेच्या बाटल्या, स्ट्रॉ, असा बाजारच भरला. अरविंद गुप्तांच्या टाकाऊतल्या खेळण्यांमधली स्ट्रॉची पिपाणी मी करून दाखवली. टोक चपटं करून दोन्ही बाजूंनी तिरकं कापायचं आणि फुंकता फुंकता दुसऱ्या टोकाला कात्री लावायची. स्ट्रॉ तोकडा होतो तसा सूर चढतो. वर्ग हसून लोळला.

मग जलतरंग. वाटीत पाणी वाढवलं की सूर उतरतो. बाटलीच्या तोंडाशी फुंकलं तर उलटं, पाणी वाढेल तसा सूर चढतो. असं का? एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "सर, तिथं वाटी थरथरते, पाण्याचं ओझं होतं. इथं हवा थरथरते, तिची जागा कमी होते."

दुसऱ्या दिवशी तिचे अब्बा आले. सलाम-दुआ झाली. "सर, शाळेत बाजा कशाला?"

त्यांचं माठांचं दुकान. टेबलावर वाट्या तशाच होत्या. सवयीनं त्यांनी एकीवर टिचकी मारली, कान दिला. "हिला चीर आहे." मला ती दिसलीही नव्हती.

"हे मुलीला शिकवलंत का?" मी विचारलं. ते गप्पच राहिले.

बाजाबद्दलचं त्यांचं मत बदललं, असं मी म्हणणार नाही. पण सोमवारी ती दोन छोटे माठ घेऊन आली. "अब्बांनी दिलेत. एकाला चीर आहे. डोळे मिटून ओळखायचं."