रिद्धपूरचे धवळे

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या वरूडच्या पूर्वेकडून वर्धा नदी खाली उतरते आणि पुढे तिवसा तालुक्यात कौंडिण्यपूरला, म्हणजे विदर्भराज भीष्मकाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर मानल्या गेलेल्या क्षेत्राला, जाऊन भेटते. वरूडला लागून असलेल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. जुन्या ग्रंथांतले हे ऋद्धिपूर म्हणजे महानुभाव पंथाची काशी. एका तीर्थाची लेक दुसऱ्या तीर्थात गाण्याचा विषय झाली, आणि त्या गाण्यातूनच मराठीला तिची पहिली ज्ञात कवयित्री मिळाली, हे वऱ्हाडच्या संगीतवारशाचे सर्वांत मोठे धन आहे.

ही कवयित्री म्हणजे महदंबा, पंथातली महदाइसा. पंथाचे पहिले आचार्य नागदेवाचार्य यांची ही चुलत बहीण बालपणीच विधवा झाली होती. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे, निघून गेल्यावर त्यांचे शिष्य रिद्धपुरी चक्रधरांच्या गुरूंच्या, श्रीगोविंदप्रभूंच्या, सेवेत राहिले, त्यांत तीही होती. गोविंदप्रभूंनी एकदा लीला म्हणून विवाहाची इच्छा धरली. तयारी झाली, हळद लागली, आणि लग्नघरात गाणे हवे म्हणून महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे त्या क्षणीच रचून गायले. धवळे म्हणजे लग्नात वराला उद्देशून गायची मंगलगीते. समोर हळदीने माखलेले गुरू आणि ओठांवर द्वारकेचा कृष्ण, असा तो प्रसंग होता. ज्या स्त्रीला त्या काळच्या रूढीने मंगलकार्यातून वगळले असते, तिच्याच कंठाला तिथे मंगलाचा मान मिळाला. तेराव्या शतकातल्या समाजाकडे पाहता ही घटना साहित्याच्या इतिहासाइतकीच धर्माच्या इतिहासातही मोलाची ठरते.

हा गीतप्रकार मात्र महदंबेहून जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लासा’त, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद करताना, विवाहप्रसंगी गायच्या धवलाचाही उल्लेख केलेला आढळतो. पुढे देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त धवल हा प्रबंध, म्हणजे नियमबद्ध गेय रचना, म्हणून वर्णिलेला आहे. दरबारातल्या शास्त्रकाराने ज्याचे लक्षण बांधले, ते गीत बायकांच्या तोंडी आधीपासूनच नांदत होते, असे मानणेच अधिक सयुक्तिक वाटते. महदंबेच्या रचनेतही अक्षरांच्या काटेकोर मोजणीपेक्षा यमकाची आणि श्वासाची लय पुढे चालते. ओळ लांबते, आखडते आणि गाणारीच्या गळ्याला जागा करून देते. तिच्याच ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवरा’त वर्णमालेतल्या एकेका अक्षराने ओवी सुरू होते, तिथे बुद्धीची शिस्त दिसते, तर धवळ्यांत कानाची.

पंथीयांनी ही शब्दसंपदा सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके जपली. त्यामुळे शब्द वाचले. पण स्वर लिहून ठेवण्याची रीत त्या पोथ्यांत नव्हती, म्हणून आज एखाद्या चालीत धवळे म्हटले गेले तरी ती चाल कोणत्या शतकातली, हे पोथीवरून ठरवता येत नाही. मराठीच्या अभ्यासकांनी महदंबेची भाषा, तिचा काळ, तिच्या पाठभेदांची चर्चा मन लावून केली. गाण्याकडे मात्र ते पाठ फिरवून बसले, आणि जे गायले गेले ते केवळ वाचले गेले. ही उणीव लहान नाही.

गाऊन सांगण्याची या मातीची सवय मात्र मोडलेली नाही. याच अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत 1909 मध्ये जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या, म्हणजे कातड्याने मढवलेल्या आणि झांजा बसवलेल्या लहानशा चर्मवाद्याच्या, ठेक्यावर भजने गात गावे जागी केली आणि 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. कौंडिण्यपूरहून पंढरीला जाणारी रुक्मिणीमातेची पालखी, परंपरेनुसार 1594 पासून, टाळ-मृदंगाच्या घोषात माहेर ते सासर अशी वाट चालते. आणि या दोहोंपेक्षाही धवळ्यांच्या अधिक जवळचे असे काही वऱ्हाडातल्या लग्नघरांत उरले आहे: हळदीच्या वेळी म्हाताऱ्या बायका गाणी म्हणतात, नवरानवरीची नावे ओळीत गुंफतात, आणि गरज पडेल तशी ओळ तिथल्या तिथे जोडतात. महदंबेने गोविंदप्रभूंसमोर केले ते याच जातीचे होते.

रिद्धपूरला 2024 पासून मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे. तिथे पोथ्यांचे वाचन होईलच. पण वरूड, मोर्शी, चांदूरबाजारच्या खेड्यांतल्या वृद्ध स्त्रियांची लग्नगीते त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून, चालींसह, ठेक्यासह आणि प्रसंगासह जतन करण्याचे काम त्या विद्यापीठाने पहिल्या काही वर्षांतच हाती घ्यावे, कारण डीजेच्या गोंगाटात ही गाणी म्हणणाऱ्यांची पिढी आता फार थोडी उरली आहे.