उलटा किल्ला

'कॅसलव्हेनिया : सिंफनी ऑफ द नाइट' मी पहिल्यांदा खेळलो ते १९९८ च्या डिसेंबरात, एनडीएच्या टर्म ब्रेकमध्ये, पुण्यात मामाकडे. मामेभावाकडे दुबईहून आलेलं प्लेस्टेशन होतं, पण मेमरी कार्ड नव्हतं. म्हणजे गेम सेव्ह करायची सोयच नाही. मग आम्ही टीव्ही बंद करायचो आणि मशीन रात्रभर चालू ठेवायचो, वर टेबल फॅन लावून. माणसांना गोधडी आणि यंत्राला पंखा, असं मामी म्हणायची. गुरुवारी लाइट गेली की सगळं पहिल्यापासून.

यंदा पीस पोस्टिंग मिळालं आणि दोन वर्षांनी घरच्यांबरोबर राहायला लागलो. चिरंजीव आता चौदाचे. मी निघालो तेव्हा हा खूप बोलायचा, आता 'हं' आणि 'ओके'. त्याच्या पीएस फाइव्हवर मी तोच गेम उतरवून घेतला. २०१८ मध्ये पीएस फोरसाठी 'रिक्विएम' नावानं तो पुन्हा आला, सोबत 'रोंडो ऑफ ब्लड' हा आधीचा गेम. नव्या मशीनवर छान चालतो. पोरगा चित्र बघून म्हणाला, "बाबा, हे तर चौकोनांचं आहे." पण उठून गेला नाही.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नायक अल्युकार्ड हा ड्रॅक्युलाचा मुलगा. नाव उलटं वाचा. बापाला थांबवायला तो किल्ल्यात शिरतो. सुरुवातीला अंगावर उत्तम तलवार, ढाल, चिलखत, सगळं असतं. पाच मिनिटांत साक्षात मृत्यू आडवा येतो आणि सगळं काढून घेतो. पुढे उघड्या हातांनी. एनडीएचा पहिला दिवस ज्यांनी पाहिलाय त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. तिथं निदान केस तरी राहिले अल्युकार्डचे.

१९९७ साली सगळं जग त्रिमितीच्या मागे धावत होतं, आणि कोनामीच्या या मंडळींनी बाजूनं दिसणारा सपाट किल्ला बांधला. जुन्या कॅसलव्हेनियात एकामागून एक टप्पे पार करायचे असत. इथे एकच मोठा किल्ला आणि भरत जाणारा नकाशा. कोजी इगाराशी यांनी त्याची प्रेरणा 'झेल्डा' असल्याचं सांगितलेलं आहे. मिचिरू यामाने यांचं संगीत तर आजही मी गाडीत लावतो. बायको म्हणते, हे चर्चमधलं आहे की सर्कशीतलं? दोन्ही, असं माझं मत.

आणि मग उलटा किल्ला. शेवट आलासा वाटतो तेव्हा कळतं, वर आकाशात हाच किल्ला छतावर उभा आहे. त्याच खोल्या, तेच जिने, पण पायाखाली छत. नकाशा पाठ असूनही पाऊल चुकतं. कॅडेट म्हणून ज्या रस्त्यावर सायकल खांद्यावर घेऊन पळालो, तिथंच काही वर्षांनी डिव्हिजनल ऑफिसर म्हणून गेलो तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो हा किल्ला.

बोटांना मात्र सगळं ठाऊक होतं. कुठली भिंत फोडायची, ग्रंथपालाच्या खुर्चीखालून उडी मारून त्याला कसं दणकवायचं, चर्चमधल्या कबुलीच्या खोलीत बसलं की कधी भूत द्राक्षरस देतं आणि कधी भोसकतं. पोरगा सगळ्यात जास्त हसला तो तिथं. नव्या आवृत्तीतले आवाज मला रुचले नाहीत. मूळचे नाटक कंपनीसारखे होते, पण ड्रॅक्युलानं नाटकी बोलायचं नाही तर कोणी?

शेवटच्या लढाईनंतर एक संवाद आहे. अल्युकार्डची आई लिसा माणूस होती; चेटकीण ठरवून लोकांनी तिला मारलं. मध्ये एक राक्षसीण तिचं रूप घेऊन, तिच्या तोंडी नसलेले शब्द घालून मुलाला फसवू बघते, तो ओळखतो. हरलेला ड्रॅक्युला शेवटी एवढंच विचारतो, की जाताना लिसा काय म्हणाली. मुलगा सांगतो : माणसांचा द्वेष करू नका, आणि तुमच्यावरचं तिचं प्रेम कायम आहे. विसाव्या वर्षी हा संवाद मला लांबलेला वाटला होता.

नंतर कधीतरी आमच्या कंपनीतला एक जवान बर्फात गेला. पार्थिव घेऊन मी हिमाचलात त्याच्या गावी गेलो. चढणीवरचं घर, अंगणात सगळं गाव. सगळं झाल्यावर वडिलांनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "साहब, आखिर में कुछ बोला था?"

त्याचं शेवटचं बोलणं मी रेडिओ सेटवर ऐकलेलं होतं. बंकरबाहेर त्याचे मोजे वाळत घातले होते, ते कोणीतरी आत घ्या, एवढंच. देशाबद्दल, घराबद्दल काही नाही. येताना ट्रकमध्ये मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून मोज्यांचंच सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "हाँ. वही था." आणि आत जाऊन बायकोला सांगितलं. आतून तिचा रडण्याचा आवाज आला, आणि मध्येच, शपथेवर सांगतो, हसण्याचा.

लिसाचे शब्द लिहिणाऱ्यानं घडवलेले आहेत, ऐकताना कळतं. पण ड्रॅक्युलाचा प्रश्न घडवलेला नाही.

संवाद सुरू झाला तसा पोराचा अंगठा बटणाकडे गेला. मी म्हटलं, "थांब, ऐकू दे." त्यानं कंट्रोलर मांडीवर ठेवला. संपल्यावर बराच वेळ काही बोलला नाही, मग विचारलं, "बाबा, तुम्ही वर असताना आईला काय सांगून ठेवलं होतं?"

मी सांगितलं. ते इथं लिहीत नाही.

नकाशा एकशे सत्त्याऐंशी टक्के भरला होता. पूर्ण म्हणजे दोनशे पूर्णांक सहा दशांश. आधीचा सेव्ह उघडून, कुठल्या खोल्या राहिल्यात ते तो जेवणाची हाक येईपर्यंत शोधत बसला.